नवमीला गेलेला कॅमेरा

लग्नाच्या छत्रातून माझी एकही वस्तू कधी गेली नाही. छत्र म्हणजे तुमच्याकडचं मंगल कार्यालय. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकलं की लोक म्हणतात, म्हातारं विसरभोळं असेल. मी विसरभोळा नाही. लेन्सचं झाकण काढलं की शर्टाच्या खिशात, कधी टेबलावर नाही. जेवायला बसलो की बॅगेचा पट्टा डाव्या पायात अडकवलेला. कंपनीचं नाव दिसू नये म्हणून कॅमेऱ्यावर काळी टेप. बॅग रेक्झिनची, फाटकी, नळ दुरुस्त करणाऱ्याची वाटावी अशी. जावयानं एकदा नवी, आत कप्पे असलेली बॅग आणून दिली, तिच्यात मी कांदे ठेवले. छत्रात बॅग ठेवायचीच झाली तर नवरीच्या खुर्चीमागं ठेवायची. नवरीवर कायम शंभर डोळे असतात, त्यातले दोन-चार बॅगेवर पडतातच. हे मला कुणी शिकवलं नाही. चार इयत्ता शिकलो, त्याही कन्नडमध्ये, आणि चौथीत मास्तर मला जास्त करून वर्गाचे पंखे पुसायलाच चढवायचे.

चामराजपेटेत आमचं दुकान, मागं घर. आमच्या घराण्याला बेंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या की मूळ गाव कुठलं विचारलं तर प्रत्येक म्हातारा वेगळं सांगतो. घरात मराठी बोलतो, पण जावई नागपूरचा, तो आमची मराठी ऐकून हसतो. मधे कन्नडचं 'स्वल्प' म्हणजे थोडं आलं, 'सरी' म्हणजे बरं आलं की म्हणतो, "बाबा, हे काय बोलता तुम्ही?" मी म्हणतो, "तुझ्यापेक्षा जुनी मराठी बोलतो." तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, इलेक्ट्रॉनिक सिटीत. मुलगी आणि तो तिकडंच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. मुलगी मला अण्णा म्हणते. तिची आई मला अहो म्हणायची.

एक शब्द समजावून सांगतो. जगातले सगळे लोक बटण दाबलं की म्हणतात, फोटो काढला. आमच्या घरात तसं नव्हतं. रोलच्या काळापासून माझ्या बायकोचं बोलणं वेगळं. बटण दाबलं म्हणजे फोटो पकडला. अंधारखोलीतून कागद बाहेर आला, वाळला, हातात आला, म्हणजे काढला. गिऱ्हाईक दुकानात आलं की ती आतून ओरडायची, "अहो, त्यांचा नुसता पकडलाय, काढला नाही अजून, उद्या यायला सांगा." गिऱ्हाईक बावचळून माझ्याकडं बघायचं. रोल गेले, अंधारखोलीत आम्ही तांदळाचा डबा ठेवला, पण तिचा शब्द गेला नाही. पुढं पुढं मीही तसंच बोलायला लागलो.

मग ती आजारी पडली. पोटाचं दुखणं होतं. डॉक्टरांनी सांगायचं ते मुलीला सांगितलं, मुलीनं मला निम्मं सांगितलं, आणि बायकोला कुणी काहीच न सांगता सगळं कळलं.

एका दुपारी ती दुकानात येऊन उभी राहिली. चांगली साडी नेसलेली, केस बसवलेले.

"अहो, माझा एक चांगला पकडा. भिंतीवर लावायला."

"कुठल्या भिंतीवर?"

"कुठल्या म्हणजे? तुमचे आई-वडील आहेत त्याच भिंतीवर."

"वेड लागलंय का तुला?"

"लग्नातला लावाल म्हणून सांगायला आले. लग्नातला लावू नका, ती पोरगी कोण आहे मला ओळखू येत नाही. आणि ग्रुपमधलं डोकं कापून मोठं करू नका. तुम्ही सगळ्यांना तेच करून देता. मेलेल्या माणसाच्या खांद्यावर भलत्याचाच हात."

मी तिला स्टुलावर बसवलं. कॅमेऱ्यात नवं कार्ड घातलं. कार्ड म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी काळी चिप, आताचे सगळे फोटो तिच्यात मावतात. आधी ती ताठ बसली, मग पदर नीट करायला लागली, मग हसली, मग दम लागला म्हणून थांबली. मी पकडत राहिलो. शेवटचा पकडला तेव्हा बोटाला कळलं. या धंद्यात असं कधीतरी होतं, बटण दाबताक्षणी कळतं की हाच. मी म्हटलं, "झालं, ऊठ." ती म्हणाली, "कसा आलाय?" मी म्हटलं, "काढल्यावर बघ."

श्रावणात ती गेली. तो फोटो मी काढला नाही. काढला की लावायला लागणार, लावला की हार घालायला लागणार. पकडलेला होता तोवर काहीतरी बाकी होतं. तेराव्याला ताटात तिचा पासपोर्टचा चिमुकला फोटो ठेवला आणि आलेले लोक आपसात कुजबुजले, फोटोवाल्याची बायको, आणि फोटो नाही. कुजबुजू देत. तो कॅमेरा मी त्यानंतर वापरला नाही. आधार कार्डावाल्या गिऱ्हाइकांना जुना कॅमेरा पुरत होता. मुलीनं त्या नव्या कॅमेऱ्यात आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये काहीतरी जोडणी करून ठेवली होती. कॅमेऱ्याला इंटरनेट मिळालं की त्यातले फोटो आपोआप तिच्या मोबाइलवर जातात, असं ती म्हणाली. दुकानात मी इंटरनेट घेतलेलं नाही. तेव्हा कुठं काही गेलं नाही.

मग अश्विनात नवमी आली, खंडेनवमी. इथं तिला आयुधपूजा म्हणतात आणि सगळं गाव त्या दिवशी हत्याराला हात लावत नाही. आमच्याकडं कॅमेरे, स्टँड, लाइट, जुना कागद कापायचा सुरा, सगळं पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, शेवंतीचा हार. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातलं काही हलवायचं नाही, उघडायचं नाही. आजोबा सुतार होते, त्यांच्या पटाशीपासून हे चालत आलंय.

मुलगी सकाळी आली होती. पाटावर तो कॅमेरा बघून म्हणाली, "अण्णा, निदान त्यातलं आईचं कार्ड तरी काढून द्या. मी उतरवून घेते, पाच मिनिटांचं काम."

"आज हत्यार उघडायचं नाही."

"मी उघडते, तुम्ही हात लावू नका."

"तू काय परकी आहेस? रीत तुलाही लागू. उद्या दसऱ्याला घे."

मी हे सांगायला लागलो की मुलगी आजही माझ्याकडं बघत नाही, आणि मी आजही सांगतो, पुन्हा नवमी आली तरी मी उघडणार नाही. रीत म्हणजे रीत. चोराच्या सोयीनं रीत बदलायची नसते.

दुपारी कोहळा फोडायचा असतो. आमच्या गल्लीत सगळी दुकानं एकदमच फोडतात. कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू आणि नाणी घालायची, वर कापूर पेटवायचा, दुकानावरून ओवाळायचा आणि रस्त्यावर आपटायचा, म्हणजे दृष्ट लागत नाही. सगळ्यांचे चेहरे रस्त्याकडं असतात. रिक्षांना केळीचे खांब बांधलेले, पोरं नाणी वेचतात, धूर, आरडाओरडा. जावई मोबाइलवर व्हिडिओ करत होता. मी कोहळा उचलला, तीनदा ओवाळला, आपटला. चांगला फुटला. बाजूच्या चक्कीवाल्यानं "सुपर अज्जा" म्हणून ओरडून टाळ्या वाजवल्या.

वळून दुकानात आलो तर पाटावर तो कॅमेरा नव्हता.

बाकी सगळं होतं. जुना कॅमेरा, लाइट, सुरा. आणि त्या कॅमेऱ्याला घातलेला हार मोडला नव्हता, फेकला नव्हता. तो काढून स्टँडच्या डोक्यावर नीट ठेवला होता, गाठ वर करून, देवाचा हार उतरवतात तसा. चोराला घाई असते म्हणतात. या हाताला घाई नव्हती. मी त्या हाताचा खूप विचार केलाय. बाईचा असेल, बाप्याचा असेल, माझ्या हातचा प्रसाद घेऊन गेलेल्याचा असेल. तो कुणाचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण दुपारी दुकानात एकटा बसलो की वाटतं, तो हात अजून इथंच कुठंतरी वस्तू हळूच उचलतोय.

पोलीस स्टेशनला गेलो. तिथंही टेबलावर फुलं आणि रायफलींना कुंकू. हवालदार म्हणाला, "आयुधपूजे दिन आयुधाने होय्ता अज्जा?" म्हणजे आयुधाच्या पूजेला आयुधच गेलं का, आजोबा. स्वतःच हसला, मग माझा चेहरा बघून त्यानं मला बसायला खुर्ची दिली. कॅमेऱ्याचा डबा मी नेला होता, त्यावर नंबर असतो. डबा मी कुठल्याच वस्तूचा टाकत नाही. तक्रार लिहून घेतली. जुन्या कॅमेऱ्यांचा बाजार पालथा घातला, तिथले दुकानदार मला ओळखतात, सगळे म्हणाले, "बंद्रे हेळ्तीनि," आला तर सांगतो. मी त्यांना सांगायचो, कॅमेरा राहू दे, कार्ड तेवढं द्या. ते माझ्याकडं बघायचे. कार्डाला कोण विचारतो?

दिवाळी झाली. एक दिवस मुलीचा फोन आला. आवाज कसातरीच.

"अण्णा, माझ्या फोनवर एक फोटो आलाय."

"कसला?"

"पंख्याचा. छताचा पंखा. आपल्या कॅमेऱ्यातून आलाय."

जावयानं समजावलं. कॅमेरा ज्यानं घेतला त्यानं आपल्या घरच्या इंटरनेटला जोडला, पण आत मुलीचं नाव तसंच राहिलं. म्हणून तिथं पकडलेले फोटो वर क्लाऊडमध्ये जातात आणि तिथून इकडं येतात. "म्हणजे ढगात?" मी विचारलं. "हो बाबा, तसंच काहीतरी." मी त्याला माझ्या मोबाइलवरही ती सोय करायला लावली.

दुसऱ्या दिवशी जेवताना मोबाइल वाजला. एका बाळाचा पाय, नुसता पाय. मग बाळाचं टाळकं. मग बाळ खिडकीत, मागून उजेड, चेहरा काळा ठिक्कर. मी ताटावरूनच म्हटलं, "अरे गाढवा, उजेड मागं ठेवून कुणी पकडतं का?" आणि घरात कुणी नव्हतं.

त्यानंतर ती आली.

स्टुलावर ताठ बसलेली, पहिलाच फोटो. कार्ड बदललं नव्हतं त्यांनी. जावई म्हणाला, नवे फोटो आधी येतात, मग सवड मिळेल तसे मागचे, पहिल्यापासून ओळीनं. म्हणजे बाळ, बाळ, बाळ, मग ती. पुन्हा बाळ, कपाटाचं दार, मग ती पदर नीट करताना. तो फोटो हललेला होता, हात धुरासारखा. मी माझ्याच दुकानात पकडलेली बाई मला दुसऱ्याच्या घरातून येत होती. मोबाइल वाजला की माझ्या हातातलं काम सुटायचं. एकदा गिऱ्हाइकाची मान सरळ करत होतो, तशीच सोडून आत पळालो. वाटायला लागलं की ती तिकडंच आहे. त्या घरात बसलीय, त्या बाळाकडं बघतेय, आणि अधूनमधून इकडं तोंड दाखवून जातेय.

त्या घरातलं सगळं मला पाठ झालं. बाळाची आई चष्म्याची, सडपातळ. बाळाला सर्दी झाली तेव्हा नाकाचा शेंडा लाल. दारामागं मराठी कॅलेंडर. ते बघून मला जास्त राग आला. आपलीच माणसं.

जावई म्हणाला, "बाबा, पुरावा आहे. सगळं पोलिसांना देऊ. ते इंटरनेटवरून पत्ता काढतील."

"थांब."

"का थांबायचं?"

"पोलिसांनी धरला की तो मुद्देमाल होतो. केस संपेपर्यंत स्टेशनच्या खोलीत पडतो. आमच्या धंद्यातल्या एकाचा पडला होता, लेन्समध्ये बुरशी वाढली. आणि ती माणसं घाबरून आधीच सगळं पुसून टाकतील. शेवटचा अजून आला नाही."

"शेवटचा कुठला?"

"भिंतीवरचा."

मुलगी नवऱ्याला म्हणाली, "थांबू या." ती एकदाच माझ्या बाजूनं बोलली.

ती हसली तो आला. दम लागून थांबली तो आला. आता पुढचाच तो. मी मोबाइल चार्जिंगला लावून त्याच्याशेजारी बसून राहिलो. आणि येणं बंद झालं. बाळ येत होतं, कॅलेंडरचं पान उलटलेलं दिसत होतं, पण ती नाही. जावई म्हणाला, कार्ड बदललं असेल.

आलेल्या फोटोंत त्यांच्या बाल्कनीतून पकडलेला एक होता. खाली एका छत्राची मागची बाजू, आचाऱ्यांची चूल लावायची जागा, त्याशेजारी पाण्याची गोल टाकी. बनशंकरीतल्या त्या छत्रात मी इतकी लग्नं केली आहेत की तिथल्या मोरीचा वाससुद्धा ओळखेन. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारी कॅमेऱ्याचा रिकामा डबा पिशवीत घातला आणि बस धरली.

बनशंकरी देवीच्या देवळाबाहेर लिंबाच्या सालीतले दिवे विकायला बसलेल्या बायका, गर्दी, मग एक तिठा, मग ते छत्र. टाकीसमोरची इमारत. कुठला मजला ते फोटोवरून कळत होतं. बेल वाजवली. दार फोटोतल्या त्या चष्म्याच्या मुलीनंच उघडलं, कडेवर बाळ. तिला मी इतक्या वेळा बघितलं होतं की तोंडातून आपसूक निघालं, "बाळाची सर्दी गेली का?"

तिचा चेहरा पांढरा पडला. "तुम्ही कोण?"

"तुमच्या घरातला कॅमेरा माझा आहे."

आतून तिचा नवरा आला, कानात वायरी, हातात लॅपटॉप. पुण्याकडची बोली. "आजोबा, आम्ही ऑनलाइन घेतला हो, सेकंडहँड. मेट्रो स्टेशनला भेटून दिला त्या माणसानं. आम्हाला खरंच माहीत नव्हतं. पोलिसांत गेलात का तुम्ही?"

मी डबा काढला. त्यानं कॅमेरा आणला. खालचा नंबर जुळला. टेप सोलून काढली होती, तिचा चिकटा राहिला होता. तो म्हणाला, "घेऊन जा, प्लीज. पण आम्हाला यात अडकवू नका, लहान बाळ आहे."

"कॅमेरा मी नेणारच आहे. आतलं कार्ड कुठाय?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"ते नाहीये," मुलगी म्हणाली. "आजोबा, तुम्ही बसा ना. पाणी आणू?"

"पाणी नको. कार्ड कुठाय?"

तिनं बाळ नवऱ्याकडं दिलं आणि माझ्यासमोर बसली. म्हणाली, बाळाचे फोटो बघत मागं मागं गेलं की एक आजी यायच्या. सुरुवातीला तिला गंमत वाटली. मग बाळ किरकिर करायला लागलं, दूध घेईना, डॉक्टर म्हणाले काही नाही. पुण्याला सासूबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, कुणा गेलेल्या बाईचा फोटो घरात ठेवलाय तुम्ही, आधी बाळाची दृष्ट काढ.

"डिलीट कर म्हणून मी हिला म्हटलं होतं," नवरा मधेच म्हणाला, "एका बटणाचं काम."

"तू कर ना मग! तुझ्याच्यानं पण झालं नाही." ती माझ्याकडं वळली. "माणूस पुसतोय असं वाटलं, आजोबा. म्हणून मीठ-मोहऱ्या-मिरच्यांबरोबर कार्डपण कागदात बांधलं. फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणणार? बाळावरून ओवाळलं आणि तिठ्यावर टाकून आले. मंगळवारी."

माझ्याच भाषेतली मुलगी, माझ्याच घरची रीत. मी फोटो काढला नाही, तिनं दृष्ट काढली. मी तिला काय बोलणार होतो? मीही कोहळा आपटतच होतो.

मी विचारलं, "गेलेली आहे हे सासूला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. मीच म्हटलं असेन. शेवटच्या फोटोवरून मला तसं वाटलं."

"शेवटचा तू बघितलास?"

"खूप वेळा."

"मी बघितलेला नाही," मी म्हटलं. "सांग. कसा आलाय?"

ती गोंधळली. नवऱ्याकडं बघितलं. मग डोळे मिटून बोलायला लागली, धडा म्हणून दाखवावा तशी. निळ्या काठाची साडी. उजव्या गालावर उजेड. बटा नीट बसवलेल्या, एक सुटलेली. मी विचारत गेलो, मागचा पडदा सरळ होता का, कुंकू गोल होतं का, हात कुठं होते. हात मांडीवर, एकावर एक. बरोबर. मी तसेच ठेवायला सांगितले होते.

"पण त्या कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या," ती म्हणाली.

"बघत होती. काचेत बघ म्हणून मी तीनदा सांगितलं. ती म्हणाली, बघतेय."

"नाही, आजोबा. थोडं वर. कॅमेरा ज्यानं धरलाय ना, त्याच्याकडे. म्हणून तर मला भीती वाटली. कॅमेरा माझ्या हातात, आणि त्या माझ्याकडे बघतायत. कुठूनही बघितलं तरी."

"रागानं?"

"नाही हो, अजिबात नाही. कसं सांगू?" तिनं थोडा विचार केला. "गाडी सुटताना माणूस खिडकीतून बघतं ना, पोचवायला आलेल्याला, तसं. बघून घेत होत्या."

माझा एक डोळा तेव्हा कॅमेऱ्याला लावलेला होता आणि दुसरा मिटलेला. जन्मभर असंच पकडत आलो. समोरचा काचेत बघतोय की नाही ते बघायचं, उजेड बघायचा, हनुवटी बघायची. ती माझ्याकडं बघत होती तेव्हा मी तिची हनुवटी बघत होतो.

नवऱ्यानं कॅमेरा डब्यात घालून दिला. मुलगी बाळाला घेऊन जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "आजोबा, सॉरी." मी म्हटलं, "त्याची पाठ खिडकीकडं करून फोटो पकडू नका, उजेड त्याच्या तोंडावर पडू दे." आणि उतरलो. पोलिसांना नंतर सांगितलं, वस्तू मिळाली, कुणाबद्दल तक्रार नाही.

तिठ्यावर आलो. समोर आलेली बस पकड म्हणून पाय सांगत होते, पण मी थांबलो. मंगळवार आणि शुक्रवार म्हणजे त्या तिठ्यावर लिंबांचा खच, चिरडलेली, कुंकू लावलेली, मिरच्या, कोळसे, फुटके नारळ. किती जणांनी किती जणांची दृष्ट काढलेली. मधे झाडूवाले येऊन गेलेले असणार, हे मला कळत होतं. तरी मी वाकलो आणि कडेनं बघायला लागलो. चपलेनं लिंबं बाजूला करून बघितलं, मग हातानं. कागदाची एक पुडी सापडली, आत नुसत्या मोहऱ्या.

एका रिक्षावाल्यानं विचारलं, "एन् हुडुक्ता इद्दीरा अज्जा?" काय शोधताय?

"फोटो," मी म्हटलं.

"यार फोटो?" कुणाचा फोटो?

"नम्म मनेयवरदु." कन्नडमध्ये बायकोला असंच म्हणतात, आमच्या घरची माणसं.

तो रिक्षातून उतरला. दिवे विकणारी एक बाई उठून आली, म्हणाली, "केवढा होता अण्णा, मोठा की पासपोर्टचा?" मी मराठी आहे हे तिला कसं कळलं, देव जाणे. शाळेचे गणवेश घातलेल्या दोन मुलीही थांबल्या. सगळे खाली बघायला लागले, गटाराच्या कडेला, रिक्षाच्या चाकाखाली, कागद शोधत. नखाएवढी काळी चिप आहे, असं मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते गेले असते.